पेन्सिलीतले दोन महिने

६ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण या वेळी ते पत्राच्या शेवटी लिहीन. तोवर राग ओसरला तर.

पत्र पाहून तुला हसू येईल. वहिनी अजून पाकिटं चिकटवत बसते म्हणशील. काय करू? फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं थंड. पत्राचं एक बरं असतं, ते ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू फाडायच्या आधी वाचतेस हे मला तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांपासून ठाऊक आहे.

मागणं एकच आहे. अकरा जानेवारीला दुपारी, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या वहीच्या पानाचा तू फोटो काढलास. तो मूळ फोटो मला पाठव. तू पेजवर टाकलास तो नको. त्याच्या आधीचा, जसा काढलास तसा, तारखेसकट. एकवीस तारखेला माझी चौकशी आहे, त्याच्या आत.

आता का ते पुन्हा लिहिते. फोनवर सांगितलं तेव्हा तू हसत होतीस, म्हणून कानावर पडलं की नाही कोण जाणे.

आमच्या रंगाईच्या कारखान्यात मी हिरवा हिशेब लिहिते. म्हणजे कापड रंगवायला किती पाणी उपसलं, त्यातलं किती शुद्ध करून नदीत परत सोडलं, किती गाळ निघाला, किती कोळसा जळला. पैशांचा हिशेब लिहिणारे चौघे आहेत, त्यांना वातानुकूलित खोली आहे. मी एकटी आहे आणि मला जिन्याखालची खोली आहे. आकडा मीटरवर स्वतः जाऊन वाचला असेल तर तो मी पेनाने लिहिते. मीटर बंद असेल तर पंप किती तास चालला त्यावरून अंदाज काढते आणि तो पेन्सिलीने लिहिते. कुणी शिकवलं नाही हे, माझीच रीत आहे. वही उघडली की लगेच दिसावं, कुठे डोळ्यांनी बघितलंय आणि कुठे नुसता अदमास आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने पेन्सिलीत होते, कारण बाहेर सोडलेल्या पाण्याच्या मीटरमध्ये तंतूंचा लगदा अडकून तो बसला होता आणि नवा भाग यायला दोन महिने लागले. हे सगळं मी तुला त्या दुपारी सांगितलं. तू हनुवटी टेकून ऐकत होतीस. "वहिनी, तू किती प्रामाणिक आहेस गं," म्हणालीस. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग दोन फेब्रुवारीला, कंपन्यांचे खोटे हिरवे अहवाल उघडे पाडणाऱ्या तुझ्या पेजवर ते पान आलं. वर ठळक अक्षरांत, ‘वही कोरी, अहवाल भरलेला!’ आणि खरंच, ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओळी कोऱ्या. तुला फोन केला तर तू सांगितलंस, "अगं, पान वाचता यावं म्हणून मी ते ॲपमधून स्वच्छ केलं. ते सावल्या पुसतं ना, त्यात पेन्सिल पुसली गेली असेल. बघते हं." म्हणजे तीन तारखेला सकाळी दहा वाजता तुला कळलं होतं की वही कोरी नाही. आज सहा तारीख. पोस्ट तशीच आहे. नऊ लाख लोकांनी ती पाहिली आहे.

कारखान्याचं म्हणणं असं, की वही खरोखर कोरी होती आणि बोभाटा झाल्यावर मी घाईघाईने पेन्सिलीने आकडे भरले. ते आकडे आधीपासून तिथे होते हे सांगणारी जगात एकच वस्तू आहे, आणि ती तुझ्या फोनमध्ये आहे.

तुझ्या दादाला काही माहीत नाही. ना ते पेज तुझं आहे हे, ना फोटो तू काढलास हे. त्याच्या लेखी तू अजून त्या ऑफिसात नोकरीला आहेस. तीन वर्षं मी ते झाकलंय, तुझ्या शब्दाखातर. काल दुकानातून आला आणि म्हणाला, "हे पेज चालवणारा हरामखोर सापडू दे एकदा मला." तराजू दुरुस्त करणारा माणूस, कधी कुणाला अपशब्द बोलत नाही. मी भाजी चिरत राहिले.

राग ओसरला नाही. आशीर्वाद शिल्लक ठेवले आहेत.

वहिनी


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. पाच शब्द आणि एक रडका चेहरा. "फोन बदलला गं, फोटो गेला."

असेल बाई. माणसं बदलतात, तिथे फोनचं काय?

या आठवड्यात मी एक नवीन गोष्ट शिकले, लोकांचं मत वाचायला. आधी वाटायचं लोकांना या हिरव्या हिशेबात काडीचा रस नाही. दरवर्षी अहवाल छापून येतो, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर एक रोपटं आणि दोन ओंजळी. वाचतो कोण? कॅन्टीनमध्ये कपाखाली ठेवतात. आता तुझ्या कृपेने सगळे तज्ज्ञ झालेत. तुझ्या पोस्टखाली चौदा हजार प्रतिक्रिया आहेत, त्यातल्या दोन हजार तरी मी वाचल्या असतील. दुखऱ्या दातावरून जीभ हटत नाही, तसं झालंय.

‘या बाईला आधी त्या नाल्याचं पाणी पाजा.’ याला अकरा हजार लाइक. ‘शाश्वत विकास म्हणजे शाश्वत थापा.’ ‘सगळे हिरवे अहवाल असेच असतात, माझा मेहुणा अशाच कंपनीत आहे.’ ‘बाईचा फोटो टाका.’ ‘मोठी पोस्ट आहे, कुणीतरी दोन ओळींत सांगा.’ एकाने खाली दोन ओळींत सांगितलं, ते सगळंच चुकीचं, आणि पुढचे लोक त्या दोन ओळींवर भांडत होते.

एकच प्रतिक्रिया माणसासारखी होती. कुणीतरी विचारलं होतं, ‘मीटर बंद पडला तर काय लिहायचं असतं?’ तीन लाइक. उत्तर कुणी दिलं नाही. मला त्या माणसाला घरी बोलावून चहा पाजावासा वाटला. तुझ्या दादाच्या फोनवरून मी उत्तर लिहिलं, नीट, सभ्यपणे. पेन म्हणजे वाचलेला आकडा, पेन्सिल म्हणजे अंदाज, फोटोत पेन्सिल दिसत नाही, मूळ फोटो पाहा. पाच मिनिटांत ‘कंपनीचा माणूस आला’ म्हणून तुटून पडले. तेही सोसलं असतं. पण अर्ध्या तासाने पाहिलं तर माझं उत्तर जागेवर नव्हतं.

ते फक्त पेजच्या मालकाला काढता येतं, हे मला माहीत नव्हतं. मीटर बसवणाऱ्या फिटरने सांगितलं. त्याला या गोष्टी कळतात.

भिंगरी, फोटोचं एक वेळ समजू शकते. ॲपने पुसलं, तू बघितलं नाहीस, घाई झाली. पण माझी ती सहा ओळींची प्रतिक्रिया तू हाताने काढलीस. बोट ठेवून. तेव्हा ती कुणी लिहिली आहे हे तुला कळलं असेलच, नाव दादाचं होतं.

कारखान्यात मला आता ‘कोरी बाई’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण जिन्याखालच्या खोलीत आवाज वरून खाली चांगले येतात. रंगखात्यातल्या बायका जेवताना मला बोलवायच्या, त्या आता टेबल भरलंय म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. कारखाना बंद पडेल असं कुणीतरी उठवलंय, आणि दीडशे घरांची चूल त्यावर आहे.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. तुझी आई जाऊन चार महिने झाले होते. डोक्यात उवा, नखांत माती, आणि पाढे फक्त सातपर्यंत. तुझ्या दादाला माहीत नव्हतं मुलीच्या वेण्या कशा घालतात, तो तराजूची दोरी बांधावी तशा घालायचा. मी उपकार मोजत नाहीये. मोजणं माझं काम आहे, पण हे मोजलेलं नाही आजवर. फक्त विचारते, ती प्रतिक्रिया काढताना हात जरासुद्धा अडखळला का गं?

पत्रात मी आधी लिहिलं होतं, ‘मला फसवल्यासारखं वाटतं.’ ते ‘सारखं’ खोडलंय, तुला दिसेल. तू मला फसवलंस.

फोटो शोध. जुना फोन विकला नसशील, तू कधीच काही विकत नाहीस.

वहिनी


१८ फेब्रुवारी

भिंगरी,

या वेळी लांब मेसेज केलास, त्याबद्दल आभार मानायला हवेत. तुझं वाक्य मी इथे उतरवते, म्हणजे तुलाही एकदा कागदावर दिसेल. "वहिनी, आता मागे घेतलं तर सगळे हिरवे चोर सुटतील. लोक म्हणतील पेजच खोटं. एका आकड्यासाठी चळवळ मोडायची का?"

छान आहे. चळवळीत एक वहिनी खपली तर एवढं काय, असंच ना? आणि गंमत बघ, ‘फोटो गेला’ हे या मेसेजमध्ये कुठेच नाही. गेलेल्या फोटोसाठी कुणी एवढी कारणं देत नाही. म्हणजे तो आहे.

आता माझंही एक सांगते. तीन दिवसांनी चौकशीत बसायचंय, त्याआधी निदान एका माणसाशी खरं बोलून घ्यावं म्हणते. दुर्दैवाने ते माणूस तूच आहेस.

माझे हात अगदी स्वच्छ नाहीत. वहीत पेन्सिल होती, पण छापील अहवालात पेन्सिल छापता येत नाही. म्हणून आजवर अंदाजाच्या आकड्यापुढे एक बारीक तारा छापायचे आणि तळाला टीप, ‘हा आकडा अंदाजे’. या वर्षी व्यवस्थापकांनी तारे काढायला लावले. "बाई, तारे दिसले की लोक प्रश्न विचारतात. आकडा तर तोच राहतोय ना?" म्हणाले. मी म्हटलं, तारा हवाच. ते म्हणाले, "मग अहवाल रखडला तर तुमच्या नावावर." मी दोन दिवस घोळत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सही केली. तारे न घालता.

ते मला खात होतं. म्हणून त्या दुपारी वही काढून तुझ्यापुढे ठेवली. नुसतं कौतुक करून घ्यायला नव्हती ठेवली, कौतुक तू आपणहून केलंस. मी तुला ताऱ्यांचं सांगायला बसले होते आणि सांगितलंही. "हे तारे काढले ते चुकलं माझं," असं स्पष्ट म्हणाले. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "पान किती सुंदर आहे गं तुझं, अक्षर बघ." आणि फोटो काढलास.

कळतंय का तुला काय झालं ते? खरी बातमी मी तुझ्या हातात दिली होती. कारखान्याने अंदाज लपवला, आणि मी लपवू दिला. ते लिहिलं असतंस तर मी कान धरून कबूल केलं असतं. नोकरी गेली असती तरी मान खाली घालून गेले असते, पण तुझ्यावर बोट ठेवलं नसतं. पण तारे दिसत नाहीत. नसलेल्या ताऱ्याचा फोटो निघत नाही. कोरी ओळ कशी लगेच डोळ्यांत भरते. तू चूक पकडायला निघालीस आणि भलतीच पकडलीस, तीही अशी की जी मी केलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरही मीच थोडीशी आणि संन्यासीही मीच, पण फाशी चुकीच्या गुन्ह्याची.

तुझ्या दादाला ताऱ्यांचं मी काल सांगितलं. तो बराच वेळ एक वजन पुसत बसला. मग म्हणाला, "ते चुकलंच तुझं. चौकशीत सांग." आणि मग म्हणाला, "पण वही कोरी नव्हती ना? मग मी आहे." त्याचं असंच असतं, काटा इकडेही झुकत नाही आणि तिकडेही. मग म्हणाला, "भिंगरीला यातलं काही कळवू नकोस. एकटी असते तिकडे, उगाच जिवाला घोर."

बरं म्हटलं.

परवा सकाळपर्यंत फोटो आला तरी चालेल. मी फोन उशाशी ठेवते.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

फोटो आला नाही. हे तुला माहीत आहे, पण लिहून ठेवते.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, पाण्याच्या तीन बाटल्या त्यांच्या बाजूला आणि माझ्या बाजूला एकही नाही. दोन पुरुष, एक बाई. वही मध्ये ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशी काही चाकूच. मी आधी ताऱ्यांचं सांगितलं. माझी चूक म्हणून सांगितलं. व्यवस्थापकांनी लगेच घसा खाकरला आणि एक पुरुष म्हणाला, "तो विषय आज नाही."

बघ आता. मी कबुली घेऊन गेले, तर ती घ्यायलाही कुणी तयार नाही.

मग पंपाच्या तासांची नोंदवही दाखवली. चारशे बारा तास, तासाला अठरा हजार लिटर, गुणाकार करून पाहा म्हटलं. ते म्हणाले, आकडे बरोबर असतील, पण ते कधी लिहिले? आधी की बोभाटा झाल्यावर?

मग त्या बाईंनी विचारलं. शांत होत्या, आवाज चढवत नव्हत्या. "फोटो कुणी काढला?"

भिंगरी, या प्रश्नाची मला पंधरा दिवस कल्पना होती. उत्तरही ठरलेलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, तुझं नाव, तुझं माझं नातं, तुझा पत्ता. तुझ्याकडून फोटो मागवा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मागवला असता आणि तुला द्यावा लागला असता.

बाहेर बाकावर तुझा दादा बसला होता. दुकान बंद ठेवून आला होता. दाराला काच होती, त्यातून त्याचं टक्कल दिसत होतं.

मी म्हटलं, "मीच काढला. ओळखीच्या एका बाईंना पाठवला. तिथून कसा फुटला माहीत नाही."

"मग तुमच्या फोनमधला मूळ फोटो दाखवा."

"फोन बदलला," मी म्हटलं. "फोटो गेला."

तुझंच खोटं उसनं घेतलं. दुसरं ऐन वेळी सुचलं नाही. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की आतापर्यंत त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि आता नाही.

काल कागद आला. दप्तर बाहेर नेलं, माहिती बाहेर दिली, नोंदी मागाहून भरल्या. सतरा वर्षांची नोकरी तीन ओळींत संपली. खोली रिकामी करायला गेले तेव्हा फिटर येऊन पेटी उचलू लागला. तो एकटाच आला.

मी तुला वाचवलं असं वाटून घेऊ नकोस. मी त्याला वाचवलं. त्याने तुझ्या फीसाठी दोनदा दुकानाची जागा गहाण ठेवली आणि तुला कधी कळू दिलं नाही. मी आता कळू देतेय, कारण मला तुला दुखवायचंय. एवढं तरी प्रामाणिक असावं.

कारखान्याने निवेदन काढलंय. ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई केली आहे.’ तू ते पेजवर लावलंस, वर लिहिलंस, ‘हा तुमचा विजय!’ आणि खाली बावीस हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारे काढणारा माणूस त्याच खुर्चीत आहे. कुणाचा विजय म्हणायचा हा?

आता पत्र लिहायचं कारण उरलं नाही. फोटो नको. पोस्टाचा खर्च वाचेल.

वहिनी


११ मार्च

भिंगरी,

लिहिणार नव्हते. पण परवा रविवारी सकाळी तुझा दादा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात धावत आला. धावत म्हणजे खरंच धावत, चप्पल एकाच पायात. "बघ! बघ हे!"

बघितलं. माझं पान. मूळ फोटो. पेन्सिलीचे दोन्ही महिने स्पष्ट, कडेला टेबलाचा टवका आणि माझा अंगठा, खाली तारीख, ११ जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आणि वर तुझी अक्षरं. ‘मोठा खुलासा! मूळ पान आमच्या हाती आलं आहे. कंपनीने एका प्रामाणिक बाईचा बळी दिला.’

‘हाती आलं आहे.’ कुठून आलं गं? वाऱ्याने उडत आलं का?

म्हणजे तो फोटो सगळे दिवस तुझ्याकडे होता. मी उशाशी फोन ठेवून बसले होते तेव्हा होता, मी त्या टेबलापाशी उभी होते तेव्हाही होता. माझी नोकरी होती तोवर त्या फोटोची तुला अडचण होती. नोकरी गेली आणि त्याची बातमी झाली. पान पुसलं कुणी, यावर एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला वाटावं की तेही कारखान्यानेच केलं. वरातीमागून घोडं आलं, आणि घोड्यावर तूच बसलेली.

मला वाटत होतं तू घाबरलीस, म्हणून गप्प आहेस. तेवढी एक समजूत मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. आता तीही नाही. केसाने गळा कापणं ऐकून होते, पण कापल्यावर त्याच केसाने टाके घालून टाळ्या घेणारी तूच पहिली पाहिली.

लोकांचं काय सांगू? नाल्याचं पाणी पाजा म्हणणाऱ्याने हात जोडलेत. मी त्याचं नाव ओळखते, पाठ झालंय. ‘अशा बायकांमुळे पृथ्वी टिकून आहे.’ ‘ताईंना सलाम.’ ‘ताईंना परत घ्या.’ ‘बाईचा फोटो टाका,’ ते मात्र तसंच आहे. मीटर बंद असेल तर काय लिहायचं असतं, हे अजूनही कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

काल व्यवस्थापकांचा फोन आला. मधात बुडवलेला आवाज. "बाई, परत या. लोकांना बरं वाटेल. आपण छोटासा व्हिडिओही करू." आणि मग, "फक्त पुढच्या वर्षीपासून सगळं पेनानेच लिहू या. पेन्सिलीने उगाच गैरसमज होतात." मी नाही म्हटलं. पेनाने अंदाज लिहायला त्यांना दुसरी कुणीतरी मिळेल. मी दुकानात बसते आता. वजनं तपासून शिक्के मारायचे असतात, ते जमतं मला.

तुझा मेसेजही वाचला, बऱ्याच महिन्यांनी ‘लाडकी वहिनी’ म्हणून. लाइव्हवर ये, लोकांना तुला बघायचंय, दादाला मी सांभाळून घेईन. भिंगरी, मी येणार नाही. आणि त्याला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. मी काही सांगणार नाही आणि काही झाकणारही नाही. त्याने विचारलं तर त्या दिवशी माझ्या तोंडून खरं निघेल.

त्याने अजून विचारलेलं नाही. तो वेगळ्याच धुंदीत आहे. चौकशीत सांगितलं तेच मी त्यालाही सांगितलं होतं, म्हणून त्याला वाटतं, मी ज्या ओळखीच्या बाईंना फोटो पाठवला होता, त्यांचंच हे पेज आहे, आणि त्यांनीच तो जपून ठेवून माझं नाव धुऊन काढलं. काल दुपारभर गल्ल्यामागे बसून त्याने त्या बाईंना पत्र लिहिलं, तीन कागद फुकट घालवले. मग माझ्याकडे देऊन म्हणाला, "पत्ता तुला माहीत असेल ना? तूच टाक पोस्टात."

मला पत्ता माहीत आहे. पत्र सोबत ठेवलंय. त्यातलं मी काही बदललेलं नाही, चुकासुद्धा.

वहिनी

*

बाईसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. मी तुमच्या त्या हिशेबवाल्या बाईंचा नवरा. तराजू दुरुस्त करतो. लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा.

आधी तुमच्या पेजला मी फार वाईट बोललो. दुकानात, चार माणसांत बोललो. ते मागे घेतो. त्याच चार माणसांना बोलावून पुन्हा सांगितलं, की मी चुकलो.

माझी बायको गेला महिनाभर जेवत नव्हती. रात्री उठून बसायची. मला म्हणायची काही नाही, पित्त झालंय. मी काटे बघून वजन सांगणारा माणूस, पण तिच्या मनावर किती ओझं आहे ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही तो फोटो जपून ठेवला नसता तर ती त्याच नावाने मेली असती. लोक फोटो काढतात आणि विसरतात. तुम्ही एका परक्या बाईसाठी तो ठेवलात.

मला एक धाकटी बहीण आहे. आई गेल्यावर आम्ही दोघांनी वाढवली. ती लांब असते, नोकरी करते, कामात असते म्हणून फोन होत नाही. तिला हे काही कळवलेलं नाही, जीव टांगणीला लागला असता तिचा. पण ती जवळ असती तर तिनेही अगदी हेच केलं असतं, जे तुम्ही केलंत. म्हणून तुम्हाला बहीण म्हणतो. राग मानू नका.

कधी या बाजूला आलात तर घरी या. तुम्हाला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे.